खुर्चीचे भाडे की निम्मा वाटा?

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तीन शहरांत आज जिकडे पाहावे तिकडे केशकर्तनालये दिसतात. नवी इमारत उभी राहिली की तिच्या तळमजल्यावर किराणा दुकान, औषधांचे दुकान व सलून ही तीन ठरलेली. ह्या दुकानांत उभे राहून काम करणारे हात कोठून येतात? मुरबाड, शहापूर, कर्जत ह्या जवळच्या तालुक्यांतून येतात, मराठवाडा-खानदेशातून येतात, उत्तर हिंदुस्थानातूनही येतात. गावी दोन बिघे जिराईत, सुगीला मिळणारे बलुते आता नावापुरते, तेव्हा दहावी-बारावी झालेला मुलगा ओळखीच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागतो. वर्ष-दोन वर्षांत त्याचा हात बसतो. मग एके दिवशी दुकानमालक त्यास विचारतो, "निम्म्यावर राहतोस, की खुर्ची भाड्याने चालवतोस?" मुलगा रात्री घरी फोन करतो. आईबाप म्हणतात, "बाबा, तुला बरे दिसेल ते कर." हे उत्तर मायेचे खरे, पण त्यावर त्या घराची पुढली कित्येक वर्षे अवलंबून असतात. म्हणून ह्या प्रश्नाचा आज विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटते.

आमच्या शेतकरी बंधूंस ह्या दोन्ही रीती नव्या नाहीत. नावे मात्र नवी आहेत. खुर्चीचे भाडे म्हणजे खंड. पीक येवो अगर न येवो, ठरलेली रक्कम मालकास पोचली पाहिजे. वर उरेल ते कसणाराचे. कमिशन म्हणजे अर्धेल. जे पिकेल त्याचे दोन वाटे. पीक बुडाले तर दोघांचेही बुडाले. खंडाने जमीन केव्हा धरावी आणि अर्धेलीने केव्हा, हे आमच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या आजोबांस पक्के ठाऊक होते. विहिरीचे पाणी किती, बैल घरचे की भाड्याचे, हे पाहून ते बोलत. तीच नजर सलूनच्या खुर्चीकडे वळवली पाहिजे.

प्रथम हिशोब मांडू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या दुकानाचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, एका गिऱ्हाइकामागे सरासरी १०० रुपये येतात आणि आठवड्याची एक सुटी सोडून महिन्यास २६ दिवस काम होते. खुर्चीचे भाडे महिना ९,००० रुपये. भाड्याने खुर्ची घेणारास पाती, क्रीम, पावडर, टॉवेलांची धुलाई हे पदरचे करावे लागते; त्यास गिऱ्हाइकामागे १० रुपये धरू. कमिशनवाल्यास हा खर्च नाही. त्यास निम्मे, म्हणजे गिऱ्हाइकामागे ५० रुपये निव्वळ मिळतात.

रोज १२ गिऱ्हाइके झाली तर महिन्यास ३१२ होतात. कमिशनवाल्यास १५,६०० रुपये मिळतील. खुर्चीवाल्यास ३१,२०० मधून भाडे व सामान वजा जाता १९,०८० उरतील. म्हणजे खुर्ची ३,४८० रुपयांनी सरस. आता रोज ७ च गिऱ्हाइके धरा. महिन्यास १८२. कमिशनवाल्यास ९,१०० मिळाले; खुर्चीवाल्याच्या हाती ७,३८० च राहिले. तेथे खुर्ची १,७२० रुपयांनी तोट्याची. दोन्ही पारडी कोठे समान होतात? महिन्यास २२५ गिऱ्हाइकांवर, म्हणजे रोज नवाला किंचित कमी. त्याखाली अर्धेल बरी, त्यावर खंड बरा. पाचवीच्या मुलास येणारे हे गणित आहे. तरीही ते कागदावर न मांडता, "भाड्याची खुर्ची म्हणजे आपण मालक" एवढ्या शब्दावर भुलून, कित्येक तरुण हो म्हणून बसतात.

परंतु गणितातली ही सरासरी फसवी असते, हेही सांगितले पाहिजे. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर दूर. तेथील नोकरदार पहाटेची लोकल धरतो आणि रात्री परततो. त्याची दाढी-कटिंग व्हावयाची ती पहाटे, रात्री उशिरा किंवा रविवारी. सोसायट्यांच्या भागात बुधवारी दुपारी खुर्ची रिकामी असते आणि रविवारी सकाळी बाकावर बसावयास जागा नसते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूस पाळी सुटेल तसे गिऱ्हाईक येते. उल्हासनगरच्या बाजारपेठेत दुकानदार व माल घ्यावयास आलेले लोक दिवसभर असतात, तेथे दुपारही कामास येते. सारांश, उल्हासनगरात परवडलेले भाडे बदलापुरात परवडेलच असे नाही. खुर्ची घेण्यापूर्वी किमान तीन महिने त्याच दुकानात कमिशनवर राहावे व रोजच्या गिऱ्हाइकांचा आकडा वहीत टिपावा. त्यातही दुकानाचे म्हणून आलेले किती आणि "तो पोरगा कोठे आहे?" असे विचारीत आलेले किती, हे निरनिराळे लिहावे. खुर्ची घ्यावयाची ती दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर.

वर्षाचे बारा महिनेही सारखे नसतात. लग्नसराई व दिवाळी ही धंद्याची सुगी. श्रावण लागला की पुष्कळ मंडळी दाढी-केस वाढवितात, पुढे पितृपक्ष, शिवाय अमुक वारी वस्तरा लावू नये, तमुक तिथीस केस कापू नयेत हे आहेच. श्रावणात दाढी वाढविल्याने पुण्य लागते किंवा कसे हे आम्हांस ठाऊक नाही. त्या महिन्यात खुर्चीचे भाडे मात्र लागते, हे ठाऊक आहे. त्यात उल्हास नदीचा स्वभाव. २६ जुलै २००५ चा पाऊस ह्या भागातील कोणी विसरलेला नाही. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून पडली व प्रवाशांस होड्यांतून काढावे लागले. अशा आठवड्यात केस कापावयास कोण येतो? आणि २०२० साल तर ताजेच आहे. मार्चअखेर बंद झालेली दुकाने राज्यात २८ जूनपासून उघडली, तीही केस कापण्यापुरती. दाढीस मनाईच होती. पुढल्या एप्रिलात पुन्हा कुलपे लागली. आमच्या धरलेल्या हिशोबाने पहिल्याच तीन महिन्यांत खुर्चीवाल्याच्या डोक्यावर २७,००० रुपये भाडे चढते. कमिशनवाल्यास काही मिळाले नसते, पण देणेही झाले नसते. कित्येक भल्या मालकांनी ते भाडे सोडले असेल. परंतु ज्याचा संसार दुसऱ्याच्या भलेपणावर उभा आहे त्यास निर्धास्त कसे म्हणावे?

इतके वाचून कोणी म्हणेल, मग कमिशनच बरे. तेथील दुखणे निराळे आहे. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, हे कारागिरास कळते काय? गल्ला मालकाचा, वही मालकाची. हल्ली तर गिऱ्हाईक आरशास चिकटविलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपते आणि पैसे सरळ मालकाच्या खात्यात जातात. कारागीर वस्तरा पुसून दुसरा टॉवेल घेतो. किती जमा झाले ते त्यास दिसत नाही. महिनाअखेर मालक सांगेल तो आकडा. फेशियलचे सामान महाग म्हणून त्यावर निम्मे नाही, तीस टक्केच. मोडलेल्या मशिनचे इतके वजा. उशिरा आल्याचे इतके. ही वजावट आधी ठरलेली नसते, हाती पैसे पडताना कळते. जुना सावकार शेतकऱ्यास वही दाखवीत नसे, कारण शेतकऱ्यास वाचता येत नव्हते. आजचा कारागीर दहावी शिकलेला आहे. तरी तो वही मागत नाही. ह्याचे आम्हांस फार वाईट वाटते, कारण त्यास वाचावयास आम्हीच शिकविले.

दुसरे दुखणे उचलीचे. ऊसतोडीची व वीटभट्टीची उचल आमच्या वाचकांस ठाऊक आहे. बहिणीच्या लग्नास अगर आजारपणास मालकाने वीस-तीस हजार दिले, तर तो उपकार वाटतो, आणि त्या वेळी तो उपकारच असतो. पण त्यानंतर टक्केवारी वाढवून मागण्याची जीभ उरत नाही आणि दुसऱ्या दुकानात जाण्याचा पाय बांधला जातो. कर्ज लागले तर घ्यावे. परंतु किती घेतले व दरमहा किती फेडले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. पगाराच्या हिशोबात उचलीचा हिशोब मिसळू देऊ नये.

येथे मालकाचीही बाजू सांगितली पाहिजे. तो कोणी जहागीरदार नव्हे. बहुतेक ठिकाणी तो कालचाच कारागीर असतो. गाळ्याचे भाडे, लाखांतली अनामत, विजेचे बिल, खुर्च्यांचे हप्ते हे सर्व तो अंगावर घेतो आणि रिकाम्या दुपारीही त्याचा खर्च चालूच असतो. उल्हासनगर हे गावच रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी वसविले आहे. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अशा गावात धंदा थाटणाऱ्याचा आम्ही मत्सर करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जोखीम ज्याची त्याने नफा घ्यावा; पण जोखीम कारागिराच्या गळ्यात आणि हुकूम मालकाचा, हे चालू देऊ नये.

असा प्रकार आज वाढत आहे. खुर्ची भाड्याने दिली म्हणतात. पण दुकान किती वाजता उघडावे, कटिंगचा दर काय, सुटी कोणत्या वारी, सामान कोणत्या कंपनीचे, हे सर्व मालक ठरवितो. गिऱ्हाइकाचे पैसेही त्याच्याच खात्यात जातात आणि भाडे कापून उरलेले कारागिरास मिळते. हा खंड नव्हे आणि अर्धेलही नव्हे. खंडकऱ्याने शेतात काय पेरावे हे जमीनदार सांगू लागला तर त्यास आपण काय म्हणू? जो आपली वेळ, आपला दर व आपले गिऱ्हाईक स्वतः ठरवितो तोच खरा खुर्चीदार. बाकीचा नोकर आहे, आणि नोकर असेल तर त्यास नोकराचे हक्क मिळाले पाहिजेत.

ते हक्क कोणते? संसदेने २०१९ साली मंजूर केलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिने किमान वेतनाचा नियम सर्व धंद्यांतील नोकरांस लावला आहे. नगावर काम करणारासही तो आहे. पण तिच्यात एक खोच आहे. 'वेतन' ह्या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेले आहे. वगळलेल्या अशा सर्व रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग पुन्हा वेतनात धरावयाचा. म्हणजे केवळ टक्केवारीवर राबणाऱ्याची सर्व कमाई वेतनात मोजली जातच नाही. म्हणून निम्म्यावर राहणाराने "मूळ पगार इतका व त्यावर टक्के इतके" असे ठरवून घेणे शहाणपणाचे. मूळ पगार असला म्हणजे श्रावणातही घरी काही पाठविता येते. दुकानांसाठी २०१७ चा राज्याचा कायदा आहे, परंतु त्याचे मुख्य नियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरते केले गेले आणि पुढे ती मर्यादा आणखी वर नेण्यात आली. तीन-चार खुर्च्यांच्या सलूनपर्यंत ते पोचत नाहीत.

खुर्चीदाराची कायद्यातली स्थिती ह्याहून पातळ आहे. गाळ्याचा भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे ५५ वे कलम सांगते. सलूनमालक व गाळामालक ह्यांच्यात अकरा महिन्यांचा तसा करार बहुधा असतो, आणि जागा दुसऱ्यास वापरावयास देऊ नये अशी अटही त्यात पुष्कळदा असते. मग त्या गाळ्यातली खुर्ची पुन्हा भाड्याने घेणारा कशावर उभा आहे? मालकाची मुदत संपली की त्याची खुर्ची रस्त्यावर. कुळाचे नाव पीकपाहणीस लागले म्हणून १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ रोजी हजारो कसणाऱ्यांस जमिनीचा मालक होता आले. ज्यांचे नाव लागले नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या कसूनही हात चोळीत राहिले. खुर्चीस सातबारा नाही. तेथे कारागिराचे नाव लागावयाचे ते त्याने स्वतः करवून घेतलेल्या कागदावरच.

ह्या कागदाचा दुसरा उपयोग असा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी धंदे आहेत व नाभिकाचा धंदा त्यांत आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाख व ते फेडल्यावर पुढे २ लाख कर्ज असे तिचे स्वरूप. परंतु ती आपला धंदा आपण करणारासाठी आहे, आणि एका कुटुंबातील एकासच मिळते. खुर्चीचा करार, स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड व त्या खात्यातली रोजची जमा ज्याच्याजवळ आहे, त्याचे म्हणणे अर्ज तपासणारास व बँकेस पटते. रोख घेऊन रोख खर्चणाऱ्या खुर्चीदाराजवळ दाखविण्यासारखे काहीच नसते.

कित्येक मालक कारागिरास धाक घालतात की, "येथून सोडलेस तर दोन वर्षे ह्या भागात काम करावयाचे नाही." हा धाक पोकळ आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने कोणास आपला धंदा करण्यापासून अडविणारी अट निरर्थक ठरते. तशा कागदावर सही झाली असली तरी नोकरी सोडल्यावर तिने कोणी बांधला जात नाही.

मुलींविषयी दोन शब्द. ब्युटी पार्लरचा अभ्यासक्रम पैसे भरून पुरा केलेल्या मुलीस पुन्हा "शिकाऊ" म्हणून सहा-सहा महिने फुकट राबविण्याची चाल पडली आहे. शिकणे किती दिवसांचे व पगार कोणत्या तारखेपासून, हे पहिल्याच दिवशी बापाने किंवा भावाने नव्हे, त्या मुलीनेच विचारावे. लग्नसराईत घरोघर जाऊन नवरीची तयारी करणाऱ्या पुष्कळ मुली आहेत. त्यांस दुकानातल्या खुर्चीचे महिन्याचे भाडे भरण्याची गरजच नाही. त्यांनी फक्त गर्दीच्या दिवसांपुरती खुर्ची घ्यावी.

आमचे मत विचाराल तर ते असे. हात नवा असेल, गिऱ्हाईक नावाने विचारीत नसेल, घरी साठलेले काही नसेल, तर मूळ पगारासह टक्केवारीवर राहावे. नावाने येणारे गिऱ्हाईक रोज नऊ-दहावर गेले आणि तीन महिन्यांचे भाडे बँकेत पडले, म्हणजे खुर्ची घ्यावी. आणि दोघे-तिघे असे तयार झाले, तर वेगवेगळ्या खुर्च्यांचे वेगवेगळे भाडे देत बसण्यापेक्षा एक गाळाच भागीत घ्यावा. भागीत भांडणे होतात हे खरे. पण भावकीत भांडणे होतात म्हणून कोणी शेत टाकून दिले नाही. त्यातला एक कारागीर मराठवाड्याचा व दुसरा गोरखपूरचा असला तरी बिघडत नाही. दोघांचीही पाठ संध्याकाळी सारखीच दुखते. १८९० साली मुंबईत 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी नाभिकांची सभा भरविली व विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही असे त्या मंडळींनी ठरविले. हाती आलेले काम व त्याचे पैसे त्यांनी एकजुटीने सोडले. ज्या धंद्यास इतके करता आले त्यास आज दरमहा वही दाखवा एवढे म्हणणे जड जाऊ नये.

कागदात काय लिहावे ते सांगून पुरे करतो. टक्केवारी असेल तर मूळ पगार, टक्के, कोणत्या कामावर किती, सामान कोणाचे, बक्षिशी कोणाची, आठवड्याची सुटी, आणि रोज रात्री दोघांनी वहीवर सही करणे. खुर्ची असेल तर भाडे, अनामत व ती परत देण्याची मुदत, वीज-पाण्याचा वाटा, दर व वेळ ठरविण्याचा अधिकार, आणि सोडण्याची अगर सोडविण्याची एक महिन्याची आगाऊ सूचना. सरकारी हुकुमाने अगर पुराने दुकान बंद राहिले तर त्या दिवसांचे भाडे नाही, हे कलम विसरू नये. मालकाच्या गाळ्याचा करार किती तारखेपर्यंत आहे व दुसऱ्यास खुर्ची देण्याची त्यात मोकळीक आहे काय, हे सही करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. दोन प्रती कराव्यात. त्यांतली एक गावी घरी पाठवावी. ज्यांस मसुदा जमत नसेल त्यांनी जवळच्या शाळेत जावे. कोणताही शिक्षक तो अर्ध्या तासात लिहून देईल.